वाचक विचारतात: पंतप्रधान रडले तो दिवस, आणि त्याचाच वाढदिवस

ऑगस्टच्या अंकाला झेंड्याचे प्रश्न येतातच, ते दरवर्षीचंच आहे, पण यावेळी निम्मी पत्रं सिंगापूरवर निघाली. चूक माझीच. मागच्या वेळी कुणाला तरी उत्तर देताना जाता जाता लिहून बसले की मी तिथे नऊ वर्षं काढलीयत. भोगा आता. म्हटलं चला, या वेळचं सगळं सदर त्यावरच करून टाकू.

प्रश्न: ताई नमस्कार. मुलगा सिंगापूरला असतो म्हणून आम्ही दोघं जुलैत महिनाभर जाऊन आलो. त्यांचा राष्ट्रीय दिवस ९ ऑगस्टला, पण जुलैच्या पहिल्या आठवड्यातच समोरच्या बिल्डिंगला वरपासून खालपर्यंत झेंडे लागले, दर शनिवारी संध्याकाळी डोक्यावरून विमानं, आणि नातू शाळेतून गाणी शिकून येतोय. मी ३४ वर्षं शाळेत झेंडावंदन करून घेतलं, आमचं सव्वासातला सुरू होतं आणि साडेआठला जिलेबी खाऊन संपतं. सूनबाई म्हणते की त्यांना स्वातंत्र्य नकोच होतं, अक्षरशः घराबाहेर काढलं त्यांना. हे खरं का? आणि खरं असेल तर नको असलेल्या गोष्टीचा एवढा सोहळा कसा काय? (निवृत्त मुख्याध्यापक, सोलापूर)

उत्तर: सर, सूनबाई बरोबर सांगतेय. जरा लांबण लावते, कारण हे एकदा कळलं की पुढच्या पत्रांची निम्मी उत्तरं त्यातच येतात.

१९५९ मध्ये सिंगापूरला स्वतःचं सरकार मिळालं, संरक्षण आणि परराष्ट्र खातं ब्रिटिशांकडेच, बाकी कारभार यांचा. तारीख ३ जून, आणि पुढची काही वर्षं त्यांचा राष्ट्रीय दिवस ३ जूनलाच असायचा. पण तिथले पंतप्रधान ली क्वान यू आणि त्यांच्या पक्षाचं ठाम म्हणणं होतं की एवढंसं बेट एकट्याने जगू शकत नाही. प्यायचं पाणीसुद्धा पलीकडच्या, आताच्या मलेशियातल्या जोहोरमधून पाइपाने येणार, तर काय बोलायचं. म्हणून १६ सप्टेंबर १९६३ ला ते मलेशियात सामील झाले, स्वतःच्या मर्जीने, सार्वमत घेऊन. आणि संसार काही जमला नाही. पैशावरून भांडणं, पक्षापक्षांत भांडणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मलय आणि चिनी लोकांमधला ताण. १९६४ मध्ये जुलैत आणि सप्टेंबरात अशा दोनदा दंगली झाल्या, ३६ माणसं गेली. शेवटी मलेशियाचे पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान यांनी ठरवलं की यांची चूल वेगळी केलेली बरी. ७ ऑगस्ट १९६५ ला गुपचूप करारावर सह्या, आणि ९ ऑगस्टला, सोमवार होता, सकाळी दहाला रेडिओवर घोषणा. क्वालालंपूरच्या संसदेत १२६ विरुद्ध शून्य मतांनी सिंगापूर वेगळं. २३ महिन्यांत सगळा खेळ आटोपला.

त्याच दिवशी ली क्वान यू यांची पत्रकार परिषद झाली. ४१ वर्षांचा माणूस, वकील, बोलण्यात कुणाला हार न जाणारा, आणि माझ्यासाठी हा वेदनेचा क्षण आहे असं म्हणता म्हणता त्यांना रडू कोसळलं, परिषद थोडा वेळ थांबवावी लागली. ते फुटेज तिथे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, आपल्याकडे नेहरूंचं मध्यरात्रीचं भाषण जसं सगळ्यांनी ऐकलेलं असतं तसं. फरक बघा ना, आपल्या पहिल्या दिवसाची आठवण म्हणजे भाषण, त्यांची म्हणजे रडणं.

पण हेही सांगायला हवं की सगळेच रडत नव्हते. चायनाटाऊनमध्ये त्या दिवशी लोकांनी फटाके फोडले, क्वालालंपूरच्या तावडीतून सुटलो एकदाचे म्हणून. (आणि गंमत म्हणजे १९७२ पासून सिंगापुरात फटाक्यांवर बंदी आहे, आता ९ ऑगस्टची आतषबाजी फक्त सरकारच करतं. आमच्या मजल्यावरच्या एका आजींना याचा फार राग होता. त्या म्हणायच्या, आम्ही उडवले तेव्हा देश नुसता दोन तासांचा होता, तेव्हा चाललं की!)

आता तुमचा खरा प्रश्न, सोहळा कसा काय. तर पहिली गोष्ट, त्या दिवसाचं नावच नीट बघा. नॅशनल डे. स्वातंत्र्यदिन नाही. इतक्या देशांचे इंडिपेन्डन्स डे असताना यांनी तो शब्दच घेतला नाही, आणि लोक एकमेकांना हॅपी बर्थडे सिंगापूर म्हणतात. मला सुरुवातीला ते बालिश वाटायचं, काय हे देशाला केक कापल्यासारखं. मग लक्षात आलं की कुणाला हरवून मिळवलेलं नाही तर विजयाचा दिवस कसा म्हणणार, आणि हाकलून दिल्याचा दिवस म्हणून तर कोणीच साजरा करणार नाही. मग उरतं काय, जन्म. मूल रडतच जन्माला येतं आणि आपण पेढे वाटतो, तसंच आहे हे.

दुसरी गोष्ट, पहिल्याच वर्षापासून ते सगळं मुद्दाम बसवलेलं आहे. ९ ऑगस्ट १९६६ ची पहिली परेड पाडांगवर झाली. पाडांग म्हणजे मलय भाषेत मैदान, जुन्या सिटी हॉलसमोरचं मोठं हिरवं मैदान. ब्रिटिश तिथे क्रिकेट खेळायचे. सर, तुम्ही इतिहासाचे असाल तर तिथे उभं राहून तुमच्या अंगावर काटा आला असता, कारण ५ जुलै १९४३ ला सुभाषबाबूंनी आझाद हिंद सेनेची पाहणी त्याच पाडांगवर केली आणि चलो दिल्लीचा नारा दिला. आणि १२ सप्टेंबर १९४५ ला जपान्यांनी शरणागतीच्या कागदावर सह्या केल्या त्या समोरच्याच इमारतीत. तिथली फलकं वाचल्याशिवाय येऊ नका पुढच्या वेळी.

आणि एक आठवण सांगते, मग पुढे जाते. २०१५ ला देशाची पन्नाशी होती, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ली क्वान यू गेले. परेडला त्यांची नेहमीची खुर्ची रिकामी ठेवली होती, वर फुलं. आणि त्या दिवशी सकाळी नऊला सगळीकडे सायरन वाजले आणि पाठोपाठ १९६५ ची घोषणा ली यांच्या स्वतःच्या आवाजात ऐकवली. मूळ घोषणा १९६५ ला त्यांनी वाचली नव्हती, रेडिओच्या निवेदकाने वाचली होती. म्हातारपणी त्यांच्याकडून ती रेकॉर्ड करून घेतली होती. मी आमच्या गॅलरीत चहा घेऊन उभी, समोरच्या ब्लॉकमधले लोक पण बाहेर येऊन उभे, आणि सगळे गप्प. माझा देश नाही तो, पण घशात आलंच.

प्रश्न: मॅडम, स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. एवढासा शांत, श्रीमंत देश आणि परेडमध्ये रणगाडे, लढाऊ विमानं, पॅराशूटवाले जवान. कुणाला दाखवायचं असतं हे? (विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर: अरे, आता पर्यटकांना दाखवतात असं वाटतं, पण सुरुवातीला खरंच शेजाऱ्यांना दाखवायचं होतं.

१९६५ ला यांच्याकडे पायदळाच्या दोनच बटालियन. तिकडे इंडोनेशियाने मलेशियाविरुद्ध कोन्फ्रोंतासी नावाची अघोषित लढाई चालवलेली, मार्च १९६५ मध्ये ऑर्चर्ड रोडवरच्या मॅकडोनल्ड हाऊसमध्ये बॉम्ब फुटून तीन माणसं मेली. आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर पहिल्यांदा मदत मागितली कुणाकडे, तर आपल्याकडे. लाल बहादूर शास्त्रींना पत्र लिहून ली यांनी सैन्य उभं करायला सल्लागार मागितले, इजिप्तच्या नासरनाही लिहिलं. शास्त्रींनी अभिनंदन केलं, शुभेच्छा दिल्या, पण सैन्याचं काही बोलले नाहीत. आपल्याला तेव्हा पाकिस्तानचं युद्ध दारात उभं होतं हे लक्षात घे, तरी पण सिंगापूरला ती गोष्ट लक्षात राहिली. मग आले इस्रायली सल्लागार, आणि आजूबाजूला मुस्लिमबहुल देश म्हणून गवगवा नको, तर त्यांना म्हणायचे मेक्सिकन! १९६७ मध्ये सक्तीची लष्करी सेवा आली. १९६८ च्या सुरुवातीला ब्रिटिशांनी सांगितलं की आम्ही आमचे तळ हलवणार. म्हणजे होता तो आधारही जाणार. त्या वर्षीच्या परेडला धो धो पाऊस पडला आणि पोरंटोरं, सैनिक सगळे भिजत उभे राहिले, जागचं कुणी हललं नाही. तिथे आजही ती पावसातली परेड म्हणून सांगतात. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९६९ ला, पाडांगसमोरून एएमएक्स-१३ रणगाडे गेले. मे महिन्यात क्वालालंपूरला मोठ्या दंगली झालेल्या, मलेशियाकडे तेव्हा एकही रणगाडा नाही, आणि तिथले पाहुणे समोर बसलेले. यापेक्षा स्पष्ट पत्र कुणी लिहिलं नसेल.

म्हणून परेडमधली एकेक गोष्ट उचलून बघितलीस ना, तर तिच्यामागे १९६५ ची एकेक भीती सापडेल. रणगाडे त्यातलेच. परेडच्या मैदानात साधारण जी पोरं दिसतात त्यातले बरेच सक्तीच्या सेवेतले असतात, म्हणजे कुणाच्या तरी घरातला १९ वर्षांचा मुलगा, त्यामुळे टीव्हीसमोर आया डोळे फाडून बसतात, आपला कुठल्या ओळीत आहे ते शोधत.

प्रश्न: ताई, लोकवस्तीत चिनी सगळ्यात जास्त, मग राष्ट्रगीत मलय भाषेत का? मला हे कळतच नाही. (गृहिणी, लातूर)

उत्तर: हो, चिनी साधारण तीन चतुर्थांश. तरी गीत मलयमध्येच. झुबिर सईद नावाच्या संगीतकाराने १९५८ ला ते आधी महापालिकेच्या कार्यक्रमासाठी केलं होतं, ३ डिसेंबर १९५९ ला झेंड्याबरोबर ते सगळ्यांसमोर आलं. झुबिर स्वतः सुमात्रात जन्मलेले. गीताचं नाव मजुला सिंगापुरा, मजुला म्हणजे पुढे चला. मलय ही त्या बेटाची मूळ भाषा आणि आजही राष्ट्रभाषा, शिवाय चहूबाजूंनी मलय बोलणारे शेजारी, तर आम्ही म्हणजे चिनी बेट नाही हे सांगणं गरजेचं होतं. खरं सांगू, बऱ्याच चिनी मुलांना गाणं तोंडपाठ असतं आणि अर्थ अर्धवट माहीत असतो. आपल्याकडे जनगणमनातल्या बंगालीचं तेच आहे की.

पण त्यांची खरी दंगलीवरची फुंकर म्हणजे प्रतिज्ञा. १९६६ ची, मूळ मसुदा एस. राजरत्नम यांचा, जाफन्यात जन्मलेले तमिळ, तेव्हा परराष्ट्र मंत्री. वंश, भाषा, धर्म काही असो, आम्ही एक, अशा अर्थाची. १९६४ च्या दंगलीनंतर दोनच वर्षांत हे लिहिलंय, म्हणजे जखम ओली होती. परेडच्या दिवशी संध्याकाळी सगळं स्टेडियम उजवी मूठ छातीवर डाव्या बाजूला ठेवून ती म्हणतं. शाळांत रोजच म्हणतात. आणि २१ जुलै, म्हणजे पहिल्या दंगलीची तारीख, हा शाळेत रेशियल हार्मनी डे असतो, मुलं एकमेकांचे पारंपरिक कपडे घालून येतात. माझी मुलगी एकदा 'बाजू कुरुंग' हा मलय पोशाख घालून गेली आणि तिची मलय मैत्रीण आमच्या घरची परकर-पोलकं घालून. फोटो आहे.

लातूरकर आहात म्हणून एक विचारते. तुम्ही पण १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर असे दोन झेंडे फडकवता ना? मराठवाड्याबाहेरच्यांना ते समजावून सांगताना दमछाक होत असेल. सिंगापूरच्या लोकांचं तसंच होतं, ३ जून, १६ सप्टेंबर, ९ ऑगस्ट, एवढ्या तारखांमधून एक निवडली.

प्रश्न: मुलगी-जावई तिथे पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी आहेत, पासपोर्ट अजून भारताचाच. परेडचं तिकीट त्यांना मिळेल का? ९ ला त्यांचा झेंडा आणि १५ ला आपला, असं गॅलरीत लावलं तर चालेल ना? जावई म्हणतो नाही, मला ते पटत नाही. (आई, नाशिक)

उत्तर: जावयाचं ऐका ओ यावेळी!

तिकीट: फुकट असतं पण सोडत असते, नागरिक आणि पीआर दोघंही अर्ज करू शकतात. आम्ही नुसते वर्क पासवाले, त्यामुळे नऊ वर्षांत एकदाही नाही. तिकिटासोबत पिशवी मिळते, तिला फनपॅक म्हणतात, त्यात पाणी, खाऊ, छोटा झेंडा, काहीबाही, आणि ती पिशवी पुढे वर्षभर बाजारात भाजी आणायला दिसते. ओळखीच्या एकीने मला तिची जुनी दिली होती, ती अजून आमच्याकडे कांदे-बटाट्याला आहे. तुमची नातवंडं असतील आणि पाचवीत असतील तर सगळ्यात सोपं, पाचवीच्या मुलांना शाळेतर्फेच रिहर्सलचा एक पूर्ण शो दाखवतात, १९९७ पासून.

झेंडा: त्यांचा झेंडा घराबाहेर १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात लावता येतो, काठीशिवाय, खिडकीला गॅलरीला. सोलापूरच्या सरांनी जे पाहिलं ते हेच. बहुतेक लोक सरकारी घरबांधणीच्या, एचडीबीच्या फ्लॅटमध्येच राहतात त्यामुळे ब्लॉकच्या ब्लॉक लाल-पांढरे होतात. पण दुसऱ्या देशाचा झेंडा सार्वजनिक ठिकाणी, लोकांना दिसेल असा, परवानगीशिवाय लावायला कायद्याने मनाई आहे. कायदा १९४९ चा, ब्रिटिशांच्या वेळचा, आपल्याविरुद्ध काढलेला नाही. तिरंगा बघायचा तर १५ ऑगस्टला सकाळी भारतीय उच्चायुक्तालयात झेंडावंदनाला जायचं, महाराष्ट्र मंडळाची मंडळी भेटतातच. घरात आत लावा की, कोण नको म्हणतंय.

आणि तो झेंडा नीट बघा तुम्ही. पाच तारे आणि शेजारी चंद्रकोर. बरेच जण चंद्रकोर बघून इस्लामशी जोडतात, पण अधिकृत अर्थ वेगळा आहे, वर येत जाणारं तरुण राष्ट्र. वाढती कोर. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा एकदम शिवाजी महाराजांची मुद्रा आठवली, प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णु, प्रतिपदेच्या चंद्रासारखी वाढत जाणारी. संबंध काही नाही, तीनशे वर्षांचं आणि एका समुद्राचं अंतर आहे, पण नवीन राज्य काढणाऱ्याला आकाशात तीच गोष्ट दिसते म्हणायची.

प्रश्न: सगळं सरकारी पैशाने बसवलेलं नाटक आहे हो. एकच पक्ष कायम सत्तेत, गाणी सरकार बनवून घेणार, रडायचं कधी आणि टाळ्या कधी हेही सांगणार. तुम्ही फारच भारावून लिहिता. (वाचक, मुंबई)

उत्तर: भारावले होते थोडी, कबूल.

नाटक आहे, आणि तिथले लोकही तसंच म्हणतात, तोंड वाकडं करून, आणि मग संध्याकाळी टीव्ही लावतात. पक्ष १९५९ पासून तोच, तेही खरं. परेडमधली देशाची गोष्ट दरवर्षी तीच असते, मच्छीमारांचं गाव, मग संकट, मग कष्ट, मग उंच इमारती. (मच्छीमारांचं गाव हे तर सरळ सरळ अर्धसत्य आहे, १९६५ ला ते आधीच मोठं बंदर होतं.) तिच्यात काय नसतं तेही सांगते. फेब्रुवारी १९६३ मध्ये ऑपरेशन कोल्डस्टोअर झालं, शंभराहून जास्त डाव्या नेत्यांना आणि कार्यकर्त्यांना खटल्याशिवाय आत टाकलं, त्यात लिम चिन सिओंग होते, ली यांच्याच पक्षाचे एकेकाळचे तरुण नेते आणि पुढे त्यांचे सगळ्यात मोठे प्रतिस्पर्धी. ब्रिटिशांना घालवायला जे रस्त्यावर उतरले त्यातले कितीतरी जण परेडच्या पडद्यावर येत नाहीत. हा माझा त्या सोहळ्यावरचा खरा राग आहे, पैसे आणि गाण्यांचा नाही.

गाण्यांवरून आठवलं, ऐंशीच्या दशकात त्यांनी जाहिरात कंपनीकडून देशभक्तीची गाणी करून घेतली, एक तर कॅनडाच्या माणसाने लिहिलेलं. २०२१ मध्ये कळलं की त्यातलं एक गाणं थोडे शब्द बदलून भारतात गायलं जातंय, मुंबईतल्या एका संगीत शिक्षकांनी म्हटलं की हे माझंच, मी आधी केलेलं. तिकडे एवढा गदारोळ झाला की विचारू नका, शेवटी त्यांनी दावा मागे घेतला. जाहिरात कंपनीचं, परदेशी माणसाने लिहिलेलं गाणं, आणि ते चोरलं म्हटल्यावर लोक घरचं दागिनं गेल्यासारखे चिडले. नाटक म्हणा तुम्ही, पण अंगात भिनलंय.

प्रश्न: जुलै-ऑगस्टला चार दिवस सिंगापूर टूर आहे. तिकिटाशिवाय काही बघायला मिळेल का? (ठाणे)

उत्तर: मिळेल की. परेडची जागा दरवर्षी आधी तपासा, पूर्वी दर पाच वर्षांनी ती पाडांगला असायची, एरवी बऱ्याचदा मरिना बेवर तरंगत्या प्लॅटफॉर्मवर व्हायची, तिथे २७,००० लोक बसायचे. जागा कुठलीही असो, जुलैतल्या शनिवारी रिहर्सल असतात आणि त्या अगदी खऱ्यासारख्या, विमानांसकट. पाडांग किंवा मरिना बे असेल तर एस्प्लनेडच्या काठावर किंवा मर्लायनच्या पुतळ्यापाशी साडेचार-पाचपर्यंत जाऊन जागा धरा, सतरंजी आणि पाणी न्या, छत्री न्याच. चिनुक हेलिकॉप्टर खाली लटकवलेला भला मोठा झेंडा घेऊन हळूहळू जातं आणि दोन बाजूंना अपाची, ते चुकवू नका. आतषबाजी संपल्यावर मेट्रोला तोबा गर्दी होते, त्यापेक्षा चालत 'लाउ पा सात' नावाच्या खाऊबाजारात जा आणि साटे, म्हणजे काडीला लावून भाजलेलं मांस, खा. मी दरवर्षी तेच करायचे.